रात्री बसणारी गाडी : हवेचं सस्पेन्शन आणि दोष शोधण्याचा इतिहास

आजच्या विषयाचं नाव वाचून काही जणांनी आम्हाला विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात गॅरेजचं काय काम? प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायच्या आधी एक प्रसंग डोळ्यांसमोर आणू या.

गाडी आहे दुसऱ्या पिढीची रेंज रोव्हर. १९९४ साली इंग्लंडमधल्या सॉलिहलच्या कारखान्यातून ती बाहेर पडली. जाणकार तिला 'पी-३८ए' म्हणतात. या गाडीला लोखंडी स्प्रिंग नाहीत. चार चाकांवर चार रबरी फुगे आहेत, त्यांत हवा भरलेली आहे आणि त्या हवेवर दोन टनांच्या वरचं धूड उभं आहे. मालक रात्री गाडी घरासमोर लावतो. नीट, ऐटीत उभी असते. सकाळी बघतो तर गाडी बसलेली. म्हैस डबक्यात बसावी तशी, पोट खाली टेकवून. आणि लक्षात घ्या, चारही कोपरे सारखेच खाली.

मालक काय म्हणेल? चारही कोपरे बसले म्हणजे हवा पुरवणारा कॉम्प्रेसरच गेला. नवा कॉम्प्रेसर येतो, बराच पैसा जातो, गाडी उठते. काही दिवस बरे जातात. मग पुन्हा एका सकाळी तेच. मालक वैतागतो आणि म्हणतो, काढून टाका ही हवा, लोखंडी स्प्रिंग बसवा.

खरा दोष एकाच फुग्यात होता. एका फुग्याच्या घडीवर पडलेली केसाएवढी चीर. मग चारही कोपरे का बसले? या 'का'चं उत्तर शोधण्यासाठी आपल्याला शंभर वर्षं मागे जावं लागेल. म्हणून हा विषय इतिहासाच्या व्याख्यानात.

कमानीपासून फुग्यापर्यंत

चाकाला धक्का बसला तरी वर बसलेल्या माणसाला तो जाणवू नये, ही गरज मोटारीहून जुनी आहे. घोडागाडीला लोखंडी पाट्यांच्या कमानी होत्या, आपल्या टांग्यालाही होत्या. मोटार आली तेव्हा तिने याच कमानी उचलल्या. १९४८ साली अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात पहिली लँड रोव्हर लोकांसमोर आली, तीही पाट्यांवरच उभी होती. आपल्याकडच्या जीपचंही तेच.

पाट्याचा एक मोठा गुण असा, की त्याचा बिघाड लपत नाही. पाटा तुटला की गाडी त्या बाजूला कलते. वाकून पाहिलं की तुटका पाटा दिसतो. ज्या कोपऱ्यात दोष, तोच कोपरा खाली. कारण आणि परिणाम एकाच जागी. खेड्यातला लोहारसुद्धा निदान करू शकत होता, कारण निदानाला डोळे पुरत होते.

पण पाट्याची आणि गुंडाळीच्या स्प्रिंगची एक अडचण आहे. त्यांचा ताठपणा बहुतेक ठरलेला असतो. गाडी रिकामी असली तर त्या कडक वाटतात, भरली तर मागून बसतात. हवेचं तसं नाही. बंद फुग्यावर वजन वाढलं की आतला दाब वाढतो आणि दाबाबरोबर ताठपणाही वाढतो. त्यात उंची कायम राखण्यापुरती हवा भरत राहिलं, तर रिकामी गाडी आणि भरलेली गाडी जवळपास सारख्याच तऱ्हेने हलते. ही कल्पना नवी नव्हती. वाहनासाठी हवेच्या स्प्रिंगचं पेटंट अमेरिकेत १९०१ सालीच घेतलं गेलं होतं. १९३० च्या दशकात फायरस्टोनने रबरी फुगे बनवून पाहिले. १९५३ पासून अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या बस अशा फुग्यांवर धावू लागल्या.

बसमध्ये ही गोष्ट टिकली. आपल्याकडची मुंबई-पुणे शिवनेरी घ्या, तीही फुग्यांवरच चालते. बसमध्ये का टिकली, हे नीट समजून घ्या, पुढे उपयोगी पडेल. बसला ब्रेकसाठी दाबाची हवा लागतेच. इंजिनवर चालणारा मोठा कॉम्प्रेसर तिच्याकडे आधीपासून असतो. थोडी गळती झाली तर तो भरून काढतो. शिवाय बस रोज आगारात जाते, रोज कोणीतरी तिच्याखाली वाकून बघतं. गळतीपेक्षा पुरवठा मोठा आणि नजर रोजची.

डेट्रॉइटचा विसरलेला धडा

आता १९५७ मध्ये या. कॅडिलॅकने आपल्या एल्डोराडो ब्रूम या अतिशय महागड्या मोटारीला हवेचं सस्पेन्शन दिलं. पुढच्याच वर्षी, १९५८ ला, जनरल मोटर्सच्या शेव्हरोले, ब्यूक अशा इतर गाड्यांवरही ते जादा पैसे भरून मिळू लागलं. जाहिराती झोकात झाल्या, ढगावर बसल्यासारखं वाटेल वगैरे.

घडलं वेगळंच. हवा गळायची. व्हॉल्व्हमध्ये ओल साचायची. सकाळी दारात गाडी बसलेली दिसायची. त्या काळच्या मेकॅनिकचा हात पाट्यांवर आणि गुंडाळीच्या स्प्रिंगवर बसलेला, हवेच्या नळ्यांमध्ये गळती कुठे शोधायची हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. मग सोपा मार्ग निघाला : फुगे काढा, लोखंडी स्प्रिंग बसवा. दोन-तीन वर्षांत बहुतेक ठिकाणी हा पर्याय गुंडाळला गेला. आज त्या काळातली गाडी मूळच्या फुग्यांसकट सापडली तर संग्राहक हरखून जातात, इतक्या त्या दुर्मीळ.

यंत्र वाईट होतं म्हणून हरलं, असं सरसकट म्हणता येणार नाही. त्याच सुमारास, १९५५ साली, फ्रान्समध्ये सित्रोएनने डीएस ही गाडी आणली. तिच्यात वायू आणि तेल यांचं मिळून सस्पेन्शन होतं, फारच गुंतागुंतीचं. ते पुढची कित्येक दशकं टिकलं. त्यात सित्रोएनच्या कारागिरीचा वाटा आहेच, पण ते दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकांची पिढी फ्रान्समध्ये तयार झाली, हेही तितकंच खरं. आमच्या मते इथे इतिहासाचा पहिला धडा आहे. यंत्र किती टिकतं हे त्याच्या रचनेवर ठरतं, तसंच त्याचा दोष ओळखणारे लोक किती आहेत यावरही ठरतं.

सॉलिहलचा निर्णय

पहिली रेंज रोव्हर १९७० ची. स्पेन किंग हे तिचे मुख्य अभियंता. त्यांनी पाटे सोडून लांब हालचालीच्या गुंडाळीच्या स्प्रिंग घेतल्या. त्यामुळे ती शेतातही चालायची आणि महामार्गावरही. मागे वजन पडलं तर शेपटी बसू नये म्हणून मागच्या आसावर स्वतः पातळी राखणारा एक दट्ट्या होता. त्याला वीज नको, पंप नको. रस्त्याच्या हेलकाव्यांतूनच तो स्वतःला उचलून धरायचा. तो निकामी झाला की मागची बाजू बसलेली दिसायची. म्हणजे निदान अजूनही डोळ्यांच्या हद्दीत होतं.

१९९२ च्या शरदात लांब पल्ल्याच्या चाकांची रेंज रोव्हर एलएसई आली आणि तिच्यासोबत इलेक्ट्रॉनिक हवेचं सस्पेन्शन आलं. दोन वर्षांनी पी-३८ए मध्ये ते सर्रास झालं. हेतू चांगला होता. एकच गाडी पाच उंचींवर उभी राहू शकत होती. चढ-उतार करायला सगळ्यात खाली. महामार्गावर वेग ताशी ५० मैलांच्या पुढे काही वेळ राहिला की थोडी खाली, म्हणजे वाऱ्याचा अडथळा कमी आणि स्थैर्य जास्त. नेहमीसाठी मधली उंची. खडकाळ वाटेवर वर. आणि गाडी पोटावर अडकली तर आणखी वर.

हे करायला काय काय लागलं ते मोजा. चार फुगे. एक छोटा विजेवरचा कॉम्प्रेसर. हवेतली ओल टिपणारा ड्रायर. हवेची टाकी, जिच्यात दाब साधारण १० बारपर्यंत चढवला जातो. व्हॉल्व्हचा ठोकळा, त्यात प्रत्येक कोपऱ्याचा वेगळा विजेवरचा व्हॉल्व्ह, शिवाय हवा आत घेणारा आणि बाहेर सोडणारा. प्रत्येक चाकाजवळ उंची मोजणारा सेन्सर. टाकी भरली की नाही सांगणारा दाबाचा स्विच. बारीक नायलॉनच्या नळ्या. आणि सीटखाली बसलेला संगणक.

बसशी तुलना करा. बसकडे मोठा कॉम्प्रेसर आणि रोजची नजर होती. इथे कॉम्प्रेसर छोटा आणि नजरेच्या जागी संगणक.

रात्री सीटखाली काय घडतं

आता आपण सुरुवातीच्या प्रसंगाकडे येतो.

गाडी बंद केली, कुलूप लावलं, तरी हा संगणक पूर्ण झोपत नाही. साधारण दर सहा तासांनी तो काही सेकंद जागा होतो आणि चारही सेन्सरना विचारतो : तुमची उंची किती? एखादा कोपरा खाली गेलेला आढळला तर काय करायचं? इंजिन बंद आहे, कॉम्प्रेसर चालवता येत नाही, म्हणजे खाली गेलेला कोपरा वर उचलता येत नाही. मग तो उरलेल्या तीन कोपऱ्यांतली हवा सोडतो आणि त्यांना चौथ्याच्या पातळीवर आणतो. गाडी तिरकी दिसू नये, सपाट राहावी, एवढाच त्यामागचा हेतू.

लक्षात आलं? गळत होता एक फुगा. बाकीचे तीन ठणठणीत. पण रात्रीतून दोनदा संगणकाने त्यांची हवा सोडली, आणि सकाळी मालकाला चार सारखे कोपरे दिसले. लोखंडी पाटा तुटला तर गाडी कलून बोट दाखवायची, 'इथे दुखतंय'. ही गाडी बोट दाखवत नाही. ती स्वतःला सावरून घेते, आणि सावरताना पुरावा पुसते.

आम्हाला आज जे मुख्य म्हणायचं आहे ते इतकंच. यंत्र जसजसं स्वतःला सांभाळायला शिकलं, तसतसा बिघाड आणि त्याची खूण यांच्यातलं अंतर वाढत गेलं. सकाळी दिसणारं दृश्य हे मूळ साधन नाही. कोणीतरी मधे बसून साफसूफ केलेली ती प्रत आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे सांगायला नको. बखर वाचताना आपण आधी विचारतो, ही कधी लिहिली, कोणी लिहिली, मधे किती हात फिरले? राजवाडे गावोगाव हिंडून मूळ दप्तरं गोळा करत होते, ते याच कारणाने. सारवलेल्या हकिकतीवर त्यांचा भरवसा नव्हता.

मग इथे मूळ साधन कसं मिळवायचं? जुन्या जाणत्या मेकॅनिकांची पद्धत सांगतो, अगदी साधी आहे. गाडी सपाट जमिनीवर नेहमीच्या उंचीला आणायची. इंजिन बंद करून दारं लावायची. मग सीटखालचा तो रिले काढायचा, ज्याच्यामुळे संगणकाला रात्री वीज मिळते. झालं, सारवणारा हात बांधला. आता टेप घ्यायचा आणि चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजून कागदावर लिहायचं. सकाळी पुन्हा मोजायचं.

एकच कोपरा खाली आला, तर दोष त्या फुग्यात, त्याच्या नळीत, किंवा व्हॉल्व्हच्या ठोकळ्यातल्या त्याच कोपऱ्याच्या ओ-रिंगमध्ये. तिन्ही ठिकाणी साबणाचं पाणी लावायचं. फेस जिथे फुगतो तिथे गळती. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो, तेच शास्त्र. फुगा बघताना गाडी सर्वांत वरच्या उंचीला न्यायची, कारण रबराची घडी जिथे नेहमी आत दडलेली असते तिथेच चिरा पडतात. काही फुगे एका उंचीला गळतात आणि दुसऱ्या उंचीला गळत नाहीत, ते याच घडीमुळे.

एकाहून जास्त कोपरे मिळून बसले, तर चार फुगे एकाच रात्री फाटण्यापेक्षा त्यांच्या समाईक जागेवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या ठोकळ्यावर, आधी संशय घ्यायचा. आणि चारही कोपरे जागच्या जागी असतील, पण रोज गाडी सुरू केल्यावर कॉम्प्रेसर फार वेळ घुमत असेल, तर गळती टाकीच्या बाजूची. टाकीची गळती गाडीला बसवत नाही, कारण प्रत्येक फुग्याचा व्हॉल्व्ह बंद असतो.

इथे एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. हवेवर उभ्या गाडीखाली कधीही तसंच शिरू नका, चाकाच्या कमानीत हातसुद्धा घालू नका. एखादी नळी सुटली तर गाडी क्षणात खाली येते. आधी चेसिसखाली भक्कम स्टँड लावायचे, मगच फेस बघायचा. निदान करताना माणूस गेला तर त्या निदानाला अर्थ काय?

बळी आणि गुन्हेगार

आता त्या कॉम्प्रेसरकडे वळू. मालकाने तो बदलला, कारण तो खरंच थकला होता. मग त्याचं चुकलं कुठे?

कॉम्प्रेसर छोटा आहे, थोडा वेळ चालून थांबावं अशा हिशोबाने बनवलेला. रोज सकाळी रिकामे फुगे आणि अर्धी टाकी भरायची म्हटल्यावर तो तापतो. आत उष्णतेचा स्विच आहे, तो त्याला मधूनच बंद करतो. दट्ट्याचं सील झिजतं, दाब कमी पडतो, म्हणून आणखी वेळ चालावं लागतं, म्हणून आणखी झिजतं. चीर फुग्यात आणि मरण कॉम्प्रेसरचं. नवा कॉम्प्रेसर आणला तरी चीर तिथेच आहे, म्हणून नवाही त्याच वाटेने जातो. शेवटी जे पडलं तेच कारण मानायचं, ही चूक इतिहासलेखनातही नेहमीची आहे. साम्राज्य शेवटच्या राजाने बुडवलं असं आपण सहज म्हणून जातो.

अशी आणखी दोन-तीन उदाहरणं देतो. ड्रायरमधले ओल टिपणारे दाणे जुने होऊन भुगा झाले, तर तो भुगा आणि ओल व्हॉल्व्हमध्ये जाते. खूण दिसते व्हॉल्व्हमध्ये, मूळ ड्रायरमध्ये. उंचीचा सेन्सर म्हणजे पट्टीवर फिरणारा एक छोटा काटा. गाडी बहुतेक आयुष्य एकाच उंचीला काढते, म्हणून देवळाची पायरी मधोमध झिजावी तशी ती पट्टी नेमकी तिथेच झिजते. तिथून काटा गेला की संगणकाला क्षणभर भलताच आकडा मिळतो आणि गाडी उगाच वर-खाली करू लागते. तिसरं उदाहरण तर मजेशीर आहे. दार उघडं असताना गाडीने उंची बदलू नये, कोणी चढत-उतरत असेल, अशी सोय केली आहे. या गाड्यांच्या दाराच्या कुलपातले बारीक स्विच खराब होतात. मग सगळी दारं बंद असूनही संगणकाला एक दार उघडं वाटतं आणि गाडी हलायचं नाव घेत नाही. सस्पेन्शन निर्दोष, रोग दाराच्या कुलपात!

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी बघायचं, मग मोजायचं, मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार भाग एकदम बदलले आणि गाडी बरी झाली, तर गाडी बरी झाली इतकंच कळतं. दोष काय होता ते कधीच कळत नाही.

किल्ली कोणाकडे?

आतापर्यंतचं सगळं टेप आणि साबणाने जमत होतं. पण या गाडीत आणखी एक तरतूद होती. संगणकाला काही फार विसंगत वाटलं तर तो दोषाची नोंद स्मरणात लिहितो, गाडीला खालच्या रबरी ठोकळ्यांवर बसवतो आणि समोरच्या पडद्यावर ताशी ३५ मैलांच्या पुढे जाऊ नका असं सांगतो. मग मालकाने मूळ दोष दुरुस्त केला तरी गाडी उठत नाही. ती नोंद पुसली जाईपर्यंत संगणक हटून बसतो. आणि ती पुसायचं यंत्र, टेस्टबुक नावाचं, अधिकृत विक्रेत्यांच्या कार्यशाळेत असायचं.

इथे आपल्या इतिहासाला वेगळं वळण मिळतं. पाट्याच्या काळात दोष ओळखायला अनुभव लागायचा, परवानगी लागत नव्हती. आता दोष काय हे गाडीला माहीत आहे, पण ती फक्त ठरावीक यंत्राशीच बोलणार. १९९६ पासून अमेरिकेत प्रत्येक मोटारीला एकसारखी निदान-जोडणी सक्तीची झाली, पण ती सक्ती धुराच्या नियमांसाठी होती. सस्पेन्शनचा संगणक तिच्या कक्षेत येत नव्हता. त्यामुळे बाजारातलं साधं कोड वाचणारं उपकरण लावलं तरी या गाडीच्या हवेबद्दल ते काही सांगू शकत नसे.

गाड्या जुन्या झाल्या, स्वस्तात दुसऱ्या-तिसऱ्या हाती गेल्या. नव्या मालकाला अधिकृत कार्यशाळेचं बिल परवडेना. काहींच्या गावापासून अशी कार्यशाळा शेकडो मैल दूर. मग दोन वाटा निघाल्या.

पहिली वाट हौशी लोकांची. कोणी संगणकाची भाषा उलगडली, कोणी घरच्या लॅपटॉपला जोडायची केबल बनवली, आणि नोंद पुसणारी प्रणाली इतरांना फुकट वाटली. कोणी प्रत्येक फुग्याच्या नळीत ट्यूबला असतो तसा व्हॉल्व्ह बसवला, म्हणजे आडवाटेला गाडी बसली तर चाकाच्या पंपाने फुगे भरून घरी येता येईल. पैसे मिळणार नव्हते, नाव होणार नव्हतं. तरी लोकांनी दोषांच्या याद्या केल्या, मोजमापं लिहून ठेवली, कोणत्या ओ-रिंगचा आकार काय हे एकमेकांना सांगितलं. १९५८ च्या डेट्रॉइटमध्ये जे घडलं नव्हतं ते इथे घडलं. दोष ओळखणाऱ्यांचा समाज उभा राहिला, आणि तो कारखान्याच्या बाहेर उभा राहिला.

लोखंडाकडे परत

दुसरी वाट पुन्हा तीच, १९५८ ची. फुगे काढून लोखंडी स्प्रिंग बसवणं. या गाडीसाठी तसे तयार संच मिळू लागले आणि अनेकांनी ते बसवले.

त्यांना आम्ही नावं ठेवणार नाही. वाळवंटात, मदत दिवसभर दूर असताना, जो लोखंडावर भरवसा ठेवतो त्याचं गणित बरोबर असू शकतं. पण त्यातल्या कित्येकांनी फुगे काढले ते निदान झालं नाही म्हणून. एका चिरेपोटी, थोडक्या पैशांच्या ओ-रिंगपोटी, कुलपातल्या एका स्विचपोटी पाच उंचींची सगळी रचना भंगारात गेली. आणि फुगे काढल्यावर दोष कोणता होता हे शोधायचा मार्गही संपला. कागद जाळून टाकल्यावर वाद मिटतो तसं ते होतं. मिटतो खरा, पण खरं काय होतं ते मात्र कायमचं राहून जातं.

पुढे काय झालं हे तुम्हाला ठाऊक आहे. कंपनी बीएमडब्ल्यूकडे गेली, २००० साली फोर्डकडे आणि २००८ साली टाटांकडे. २०११ पासून पुण्यातही लँड रोव्हरच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. तिसऱ्या पिढीच्या रेंज रोव्हरने आणि नंतरच्या डिस्कव्हरीने हवाच कायम ठेवली. म्हणजे कल्पना जिंकली. प्रश्न मात्र तिथेच राहिला, किंबहुना मोठा झाला. आज आपल्या घरातली कितीतरी यंत्रं स्वतःला सावरून घेतात आणि आतल्या आत नोंद करतात, पण ती नोंद आपल्याला वाचायला देत नाहीत. बिघाड झाला की आपल्याला एकच उत्तर मिळतं, बदलून टाका.

म्हणून शेवटी पुन्हा त्या मालकाकडे जाऊ. त्याने लोखंडी स्प्रिंगचा संच मागवायच्या आधी एक रात्र थांबावं, एवढंच आमचं म्हणणं. रिले काढावा. चार आकडे कागदावर लिहावेत. सकाळी टेप घेऊन बाहेर यावं. पहिल्यांदाच ती गाडी त्याला सपाट दिसणार नाही. एका कोपऱ्यावर कललेली दिसेल, आणि तो कोपरा कुठला हे विचारायला कोणाकडे जावं लागणार नाही.